ओहोटीतला होकार

नामदेव लांजेवार गेला, त्या दिवशी त्याच्या बायकोनं त्याच्याशी बोलणं टाकून अकरा दिवस झाले होते.

रविवार होता. दुपारी पावणेचारच्या सुमारास हिंगणा रस्त्यावरच्या वळणावर त्याची पार्सलची गाडी एका उभ्या टिप्परवर मागून जाऊन धडकली. रस्त्यावर ब्रेक लावल्याची खूण नव्हती. गाडीत चौऱ्याण्णव पार्सलं वाटायची राहिली होती. वनिताला फोन आला तेव्हा ती घरी कुलरमध्ये पाणी भरत होती. पलीकडचा माणूस काय सांगतोय ते कळल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की सांगितलं होतं, जाऊ नका. त्या विचाराची तिला पुढे कित्येक महिने लाज वाटत राहिली.

दोघंही 'तडक पार्सल' कंपनीत गाडी चालवायचे. नागपुरात वाडीला कंपनीचं मोठं गोदाम होतं आणि तिथून रोज सकाळी एकशे चाळीस विजेच्या गाड्या शहरभर सुटायच्या. हमरस्त्यांवर मोठे ट्रक तोवर बिनमाणसाचे धावू लागले होते. पण बेसा, जयताळा, दत्तवाडीच्या गल्ल्यांत कुठे गाय आडवी बसलेली, कुठे लग्नाचा मांडव रस्ताभर घातलेला, कुठे घराला नंबरच नाही. तिथे माणूसच लागायचा. आणि कंपनीला तो आठवड्याचे सातही दिवस हवा होता, कारण गिऱ्हाईक घरी सापडतं ते शनिवारी-रविवारी.

ते सात दिवस नामदेवनं मोडून काढले होते. चालकांची संघटना त्यानं बांधली, सव्वीस दिवसांचा संप केला आणि करार करून घेतला. शनिवार-रविवार सुटी. त्या दिवशी काम करायचं तर चालकानं स्वेच्छेनं हो म्हटलं तरच. 'स्वेच्छेनं' हा शब्द करारात यावा म्हणून तो कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अख्खा दिवस अडून बसला होता. कंपनीचे विदर्भ प्रमुख निरंजन केळापुरे शेवटी म्हणाले, ठीक आहे, घाला तो शब्द. बाहेर आल्यावर लोकांनी नामदेवला खांद्यावर घेतलं.

लांजेवारांना मूलबाळ नव्हतं. करारानंतरच्या पहिल्या वर्षी, लोक तीर्थयात्रा करतात तसे दोघांनी रविवार घालवले. कधी पवनीला तिच्या माहेरी जायचं, वैनगंगेवर बसायचं. बहुतेकदा कुठेच जायचं नाही. रविवारी दुपारी जेवून निवांत झोपण्यात काय सुख असतं, हे वनिताला चाळिसाव्या वर्षी कळलं.

दुसऱ्या वर्षी कंपनीनं सगळ्यांच्या मनगटावर पट्टा बांधला. त्याचं नाव 'सोबती'. चालकाला झोप येत असेल, रक्तदाब वाढला असेल तर पट्टा सावध करणार होता. संघटनेनंही आनंदानं मान्यता दिली, कारण अपघात टळावेत असं कोणाला वाटत नाही? केळापुऱ्यांनी समारंभात आधी स्वतःच्या मनगटावर पट्टा चढवला आणि जाहीर केलं, की साहेबापासून हमालापर्यंत सगळे घालतील. पट्टा घातल्याशिवाय गाडी सुरूच व्हायची नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी गाडीतल्या पडद्यावर एक प्रश्न येऊ लागला. "या रविवारी याल का?" खाली मोठं हिरवं बटण, 'येतो'. नाही म्हणायचं तर लहान अक्षरांवर बोट ठेवायचं, मग कारण निवडायचं, मग पुन्हा एकदा खात्री द्यायची. वनिताला तो प्रश्न क्वचितच यायचा आणि ती नाही म्हणायची.

नामदेवनं पहिल्यांदा 'येतो' दाबलं तेव्हा वनिताला वाटलं, चुकून दाबलं असेल. दुसऱ्या रविवारी ती हसली. पाचव्या रविवारी तिनं डबा करून द्यायला नकार दिला. ज्या माणसानं सव्वीस दिवस उपाशीतापाशी बसून रविवार मिळवला, तोच दर रविवारी सकाळी सात वाजता गोदामाच्या फाटकातून आत जात होता, आणि ते सगळ्यांना दिसत होतं. इतर चालकांच्या पडद्यावर प्रश्नाच्या वर एक ओळ यायची: "नामदेव लांजेवार येत आहेत." मग तेही येऊ लागले. पण स्वतः आलेल्या माणसाला स्वतःची लाज वाटते आणि राग दुसऱ्याचा येतो. कोणीतरी नामदेवच्या लॉकरवर खडूनं 'फितूर' लिहिलं. त्यानं ते पुसलं नाही.

वनिता त्याच्याशी भांडली, रडली, एकदा त्याची किल्ली लपवून ठेवली. तो म्हणायचा, एकदा शब्द दिला की मागं घेता येत नाही, आपण नाही गेलो तर दुसऱ्याला ओढतील. शेवटच्या भांडणात ती म्हणाली, "साहेबाला नाही म्हणायची हिंमत उरली नाही तुमच्यात. नाही म्हणता ते फक्त मला."

तो म्हणाला, "मले खरंच समजत नाही वनिता, मी हो काऊन म्हणतो. बोट आपोआप जाते. मागून वाटते, हे मी नाही केलं."

"मले येडी समजता का तुम्ही?" ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं बोलणं बंद केलं.

अपघातानंतर कंपनीनं पत्र पाठवलं. त्यात दुःख व्यक्त केलं होतं आणि सोबत एक तक्ता जोडला होता. नामदेव लांजेवार यांनी एकतीस रविवारी स्वेच्छेनं काम स्वीकारलं, प्रत्येक होकाराची तारीख आणि वेळ अशी अशी. कंपनीनं सक्ती केल्याचा प्रश्नच येत नाही.

वनितानं तो तक्ता भिंतीला लावला आणि रोज त्याच्याकडे पाहू लागली. सुरुवातीला ती त्यात नवऱ्याचा अपराध शोधत होती. एका सकाळी चहा पिताना तिची नजर एका ओळीवर अडली. चौदा फेब्रुवारी, बारा वाजून सात मिनिटं. तो दिवस तिच्या लक्षात होता. नामदेवच्या थोरल्या भावाला त्या दिवशी अग्नी दिला होता आणि तो स्मशानातून थेट कामावर गेला होता. तिथून पोचायला बारा वाजतात. म्हणजे गाडीत बसल्या बसल्या त्याला विचारलं होतं.

मग तिनं बाकीच्या ओळी घेतल्या. त्याचा दिवस तिला पाठ होता, कारण तीही तेच काम करत होती. एक होकार मनीषनगरातल्या लिफ्ट बंद असलेल्या इमारतीनंतरचा. एक, ज्या गिऱ्हाइकानं त्याच्या अंगावर खोका फेकला होता त्यानंतर चार मिनिटांनी. बरेचसे दुपारी तीन-साडेतीनचे, सेहेचाळीस डिग्रीतले. सकाळी तर्री-पोहे खाऊन, मित्रांशी बोलून ताजातवाना बसलेल्या नामदेवला त्या यंत्रानं एकतीस वेळांत एकदाही विचारलं नव्हतं.

पट्ट्याच्या खोक्यावर आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं, की ही मापनपद्धती पुण्याच्या डॉ. शर्वरी उपासनी यांनी शोधली आहे. वनितानं दोन दिवसांची रजा टाकली आणि पुण्याची गाडी पकडली.

डॉ. उपासनी व्यसनमुक्ती केंद्र चालवत होत्या. साठीच्या बाई, केस आखूड कापलेले, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. वनितानं तक्ता पुढे ठेवला आणि जे जुळलं होतं ते सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग त्यांनी जे समजावलं, ते वनितानं पुढे अनेकांना जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगितलं.

माणसाचा निश्चय दिवसभर एकसारखा नसतो. मेंदूचा एक भाग सतत लगाम धरून असतो: हे कर, ते नको. प्रत्येक निर्णयानं, प्रत्येक अपमानानं, उन्हानं, भुकेनं तो भाग थकतो आणि दिवसातून पाच-सात वेळा, मिनिट-दीड मिनिटासाठी, लगाम सोडून देतो. त्या वेळी माणूस शुद्धीत असतो, बोलतो, गाडीही चालवतो. पण समोर जे उत्तर सगळ्यांत सोपं असेल ते देऊन मोकळा होतो. बाई या अवस्थेला ओहोटी म्हणायच्या. दारू सोडलेला माणूस पुन्हा पितो तो ओहोटीतच. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर निरोगी माणसात सतत थोडं कमीजास्त होत असतं. ओहोटीच्या आधी ते सपाट होतं. त्याच सुमारास हात गार पडतो, कातडीवरचा घाम बदलतो. तिन्ही एकत्र वाचली आणि दोन-तीन आठवडे एका माणसाची तऱ्हा शिकून घेतली, की यंत्राला त्याची ओहोटी सुरू होतानाच ओळखता येते.

"मी हे कशासाठी केलं होतं माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "ओहोटी लागली की आमच्या नर्सच्या हातातलं यंत्र थरथरायचं आणि ती रुग्णाजवळ जाऊन बसायची. त्या दीड मिनिटात कोणीतरी हात धरला तर माणूस वाचतो. कंपनीनं माझ्याकडून हे अपघात टाळण्यासाठी म्हणून घेतलं."

"आणि त्या दीड मिनिटात विचारलं, रविवारी येता का?"

"दहातले आठ हो म्हणतील. हो म्हणणं सोपं ठेवलं असेल तर."

वनितानं विचारलं, की माझ्या नवऱ्यालाच सगळ्यांत जास्त वेळा का विचारलं. बाईंना ते माहीत नव्हतं, पण तिचं तिलाच उत्तर सुचलं. त्यानं हो म्हटलं की बाकीचे म्हणत होते. यंत्रानं तेवढं शिकून घेतलं होतं.

ती खुर्चीत बसून राहिली. नामदेव तिला खरं सांगत होता. बोट आपोआप जातं, असं तो म्हणाला होता, आणि तिनं त्याला अकरा दिवस भिंतीसारखं वागवलं होतं. रडू येईल असं बाईंना वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. वनिता रडली नाही. तिनं विचारलं, की नर्सच्या हातातलं ते यंत्र आमच्या कंपनीच्या पट्ट्यालाही चालतं का.

पट्टे तेच होते, मूळ बनावटीचे. यंत्र दहा-बारा फुटांवरूनही वाचू शकत होतं. "कोणाच्या पट्ट्यासाठी हवंय?" त्यांनी विचारलं. वनितानं नाव सांगितलं. त्यांनी कपाट उघडून तळहाताएवढं यंत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. दिलं नाही. फक्त ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्या सुमाराला करार संपत आला होता. नव्या करारात कंपनीला शनिवार-रविवारच्या सुटीचं कलमच नको होतं. चालकांनाच सुटी नको आहे, हे बघा होकार, असं तिचं म्हणणं. संघटनेत जीव उरला नव्हता. नामदेवच्या जागी बसायला कोणी तयार होईना, तेव्हा वनितानं हात वर केला. लोकांनी तिला सहानुभूतीपोटी निवडून दिलं.

उपायुक्त श्रीमती इंगोले यांच्या दालनात आठवड्यातून दोनदा बैठका होऊ लागल्या. लांब टेबल, एका बाजूला केळापुरे आणि त्यांचे वकील, समोर वनिता आणि संघटनेचे दोघे. पहिल्या पाच बैठकांत वनिता जवळजवळ काही बोललीच नाही. केळापुऱ्यांच्या मनगटावर पट्टा होता; अधिकाऱ्यांना त्या पट्ट्यावरून प्रश्न विचारले जात नसत, त्यामुळे तो काढायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. वनिताच्या मांडीवरच्या पर्समधलं यंत्र त्यांची तऱ्हा शिकत होतं. तिला घाई नव्हती. संघटनेची माणसं कुजबुजू लागली, की वहिनींच्यानं हे काम व्हायचं नाही.

सहाव्या बैठकीत, जेवणानंतर तासभर श्रीमती इंगोले यांनी केळापुऱ्यांना एका कलमावरून खोदून खोदून विचारलं होतं. अडीचच्या सुमाराला पर्स थरथरली.

वनिता हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्ही म्हणता रविवारचं काम कोणाला जड जात नाही. तुम्हीही सुरुवातीला पार्सलं वाटली आहेत. येत्या रविवारी नामदेवच्या भागातली गाडी तुम्हीच न्या ना. नेता?"

"हो, नेतो की," केळापुरे म्हणाले.

वकिलानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. कारकुनानं ते इतिवृत्तात लिहिलं आणि शेवटी सगळ्यांबरोबर केळापुऱ्यांनी सही केली. बाहेर पायऱ्यांवर ते क्षणभर थांबले होते, काहीतरी विसरल्यासारखे. वनिता त्यांच्या शेजारून उतरून गेली.

रविवारी त्यांनी एकशे अडतीस पार्सलं वाटली. कंपनीनं त्यांचे फोटोही काढले. पुढच्या बैठकीत पर्स थरथरली तेव्हा वनितानं विचारलं, एका दिवसानं काय कळणार, अजून एक रविवार कराल का. ते हो म्हणाले. त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा. प्रत्येक वेळी ती मागणी लहानशी ठेवायची, आवाज मऊ ठेवायची आणि नाही म्हणणं अवघड करायची. यंत्रानं नामदेवशी जे केलं होतं, तेच. तिसऱ्या रविवारी त्यांच्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि घरचा मोठा समारंभ होता. केळापुऱ्यांची बायको आठवडाभर त्यांच्याशी बोलत नाही, असं गोदामातल्या कोणीतरी हसत हसत सांगितलं. वनिता त्या दिवशी पोटभर जेवली. नामदेव गेल्यापासून पहिल्यांदाच.

तिसऱ्या रविवारी ती स्कूटरवरून त्यांच्या मागे गेली. साडेतीनच्या सुमाराला त्यांनी हिंगणा रस्त्यावर एका कडुलिंबाखाली गाडी थांबवली. ती चालत काचेपर्यंत गेली. केळापुरे स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपले होते. ओठ सुकलेले, सदरा पाठीला चिकटलेला. पन्नाशीचा माणूस, पण झोपेत शाळकरी दिसत होता. तिच्या हातातलं यंत्र थांबायचं नाव घेत नव्हतं. एक ओहोटी संपायच्या आत दुसरी लागत होती. यंत्र कसं वाचायचं ते सांगताना डॉक्टर बाईंनी तिला याबद्दल बजावलं होतं: असं दिसलं तर त्या माणसाला पुढे गाडी चालवू देऊ नका.

ते वळण तिथून दोन किलोमीटरवर होतं.

काचेवर टकटक करायला हात उचलावा लागला असता, एवढंच. तिच्या स्कूटरला पाण्याची बाटली होती. ती तशीच उभी राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी केळापुरे दचकून जागे झाले, त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि गाडी सुरू केली. त्यांनी तिला पाहिलं नाही. ती गाडीकडे बघत राहिली, दिसेनाशी होईपर्यंत. मग स्कूटर वळवून घरी आली आणि फोन समोर ठेवून बसली.

फोन आला नाही. केळापुरे संध्याकाळी गोदामात परत पोचले. ते पोचले यात तिचा काही हात नव्हता.

मंगळवारी बैठकीत पर्स थरथरली आणि तिनं चौथा रविवार मागितला. त्यांनी हो म्हटलं, सही केली आणि बाहेर आल्यावर पायरीवर थांबून मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपायुक्तांकडे लेखी तक्रार दिली. वकिलानं घाईनं लिहून काढलेली असावी, पण खाली सही केळापुऱ्यांची होती. त्यात म्हटलं होतं, की बैठकीत मी थकलेलो असताना नेमक्या क्षणी मला प्रश्न विचारले गेले. हो म्हणताना मी माझ्या ताब्यात नव्हतो. अशा अवस्थेत दिलेला होकार हा माझा होकार मानता येणार नाही आणि तो माझ्यावर बंधनकारक नाही.

तक्रारीची प्रत संघटनेच्या कार्यालयात आली. वनितानं ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली. पुण्याहून आल्यापासून ती याच कागदाची वाट बघत होती.

सुनावणीला दालन भरलं होतं. डॉ. उपासनी पुण्याहून आल्या होत्या आणि मागच्या रांगेत बसल्या होत्या. वनितानं उठून आधी यंत्र टेबलावर ठेवलं आणि काय केलं ते सांगून टाकलं. कंपनीच्या वकिलाचा चेहरा उजळला. हा गुन्हाच आहे, बाईंनी स्वतः कबूल केलंय, असं ते म्हणाले.

"मला कबूल आहे," वनिता म्हणाली. "साहेबांचे चारही होकार त्यांचे नव्हते. त्यांनी लिहिलंय ते अक्षर न् अक्षर खरं आहे." मग तिनं भिंतीवरून काढून आणलेला तक्ता पुढे ठेवला. "आता मला एवढंच सांगा, माझ्या माणसाचे एकतीस कोणाचे?"

वकिलाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा ते घाईघाईनं उठले आणि आम्ही तक्रार मागे घेतो म्हणाले. श्रीमती इंगोले यांनी केळापुऱ्यांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे.

केळापुरे उभे राहिले. "राहू द्या तक्रार," ते म्हणाले.

वकिलानं त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. त्यानंतर श्रीमती इंगोले यांनी विचारलं आणि ते उत्तरं देत गेले. प्रश्न कधी विचारायचा हे पट्टा ठरवतो, ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नामदेवनं हो म्हटलं की सरासरी चाळीस चालक येतात, हा आकडा दर सोमवारी त्यांच्याच टेबलावर यायचा. त्याला प्राधान्यानं विचारा, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं. मग म्हणाले, "हो म्हणून झाल्यावर कसं वाटतं, ते मात्र मला माहीत नव्हतं."

डॉ. उपासनींची साक्ष तासभर चालली. शेवटी श्रीमती इंगोले यांनी वनिताला एकच प्रश्न विचारला. यंत्रातल्या नोंदींवरून दिसतं, की तिसऱ्या रविवारी त्या तिथे होत्या आणि धोका त्यांना दिसत होता. केळापुऱ्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर?

वनिताला खोटं बोलता आलं असतं. संघटनेच्या माणसांनी तिच्याकडे पाहिलंही, की बोल काहीतरी.

"मी थांबवलं नसतं," ती म्हणाली. "नाहीच थांबवलं."

निकाल तीन आठवड्यांनी आला. पट्ट्याच्या आधारानं घेतलेले सगळे होकार रद्द झाले आणि तशा रीतीनं चालकाला काहीही विचारायला बंदी झाली. शनिवार-रविवारची सुटी कायम राहिली. नामदेव लांजेवारचा मृत्यू सक्तीच्या कामावर झाल्याची नोंद करण्याचा आदेश निघाला. वनिताला दोन वर्षं संघटनेचं कोणतंही पद घ्यायला मनाई केली गेली. डॉ. उपासनींच्या केंद्राचा यंत्र वापरण्याचा परवाना एका वर्षासाठी गोठवला. त्याबद्दल वनितानं बाईंना फोन करून क्षमा मागितली. बाई म्हणाल्या, की कपाट मी उघडलं होतं, तुम्ही नाही.

त्या वर्षात केंद्रातले किती जण पुन्हा प्यायला लागले, हे वनितानं विचारलं नाही.

चालकांनी संघटनेच्या कार्यालयात नामदेवचा फोटो लावला. भाषणं झाली. ज्यांनी शेवटी शेवटी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, ते सगळ्यांत लांब बोलले. वनिता हार घालून लगेच निघाली.

पावसाळा सरल्यावर एका शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. केळापुरे होते. मनगटावर काही नव्हतं. वनितानं त्यांना आत घेतलं आणि खुर्ची दिली, पाणीही दिलं. त्यांनी नोकरी सोडल्याचं सांगितलं. अमरावतीला भावाच्या कारखान्यात काहीतरी बघणार होते. बायको बोलायला लागली होती, पण मोजकंच. मग ते पेल्याकडे बघत म्हणाले, की रविवारी दुपारी त्यांना झोप येत नाही, डोळे मिटले की ते वळण दिसतं.

"वनिताताई," ते म्हणाले, "मला माफ करू शकाल का?"

ती नुकतीच नाश्ता करून बसली होती. रात्री नीट झोप झाली होती. खिडकीतून गार वारा येत होता आणि दिवसभर तिला कुठे जायचं नव्हतं. तिनं घाई केली नाही. समोरच्या माणसाकडे तिनं नीट पाहिलं. त्यानं दालनात उभं राहून सांगितलेलं सगळं तिला आठवलं. कडुलिंबाखाली झोपलेला त्याचा चेहराही तिला आठवला, आणि काचेबाहेर उभी असलेली ती स्वतः. मग नामदेव, खाटेच्या कडेला बसून, माझं बोट आपोआप जातं म्हणून सांगणारा.

"नाही," ती म्हणाली.

केळापुऱ्यांनी मान हलवली. पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि फाटक नीट लावून घेऊन ते गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.